घाट बंद : कुणासाठी?



पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येते. वरंध घाट वाहतुकीसाठी बंद. वाहनचालकांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा. सोबत धुक्यातल्या एखाद्या वळणाचा फोटो. वाचणारा सहलीचा बेत बदलतो, ट्रकमालक गाडी ताम्हिणीनं वळवतो आणि विषय संपतो. या अंकाचं संपादकीय त्या चार ओळींवर लिहायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्याच एकदोघींनी विचारलं, "रस्ता हा काय बाईचा प्रश्न आहे का?" हाच प्रश्न आपल्याला पाण्याबद्दल, रेशनबद्दल, जळणाबद्दलही कधीकाळी विचारला गेला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्यापैकी ज्या पुण्याकडून 25 डिसेंबरला महाडला जातात त्यांना हा रस्ता ओळखीचा आहे. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, तिथंच बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळं भाषण केलं, आणि आपल्यापैकी अनेक संघटना तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी हिरडस मावळात शिरते. हिर्डोशी, शिरगाव अशी गावं मागं पडतात, मग वाघजाईचं देऊळ, तिथल्या भजीच्या टपऱ्या, आणि तिथून रस्ता एकदम कोकणात कोसळतो : माझेरी, वरंध, बिरवाडी, आणि राजेवाडीपाशी मुंबई-गोवा महामार्ग. भोर ते महाड सत्तर-ऐंशी किलोमीटर. पुणे-सातारा आणि मुंबई-गोवा या दोन थोरल्या रस्त्यांना जोडणारा हा धाकटा रस्ता. कागदावर तोही राष्ट्रीय महामार्गच आहे, 965 डीडी. हा आकडा मी खोऱ्यातल्या बायकांना सांगितला तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

डिसेंबरात रस्ता कोरडा असतो, टपऱ्या चालू असतात, आपल्या गाडीत गाणी चाललेली असतात. मी ज्या वाड्यांमध्ये काम करते त्यांचा प्रश्न जून ते सप्टेंबरचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. घाट बंद करू नका अशी आमची मागणी नाही. 22 जुलै 2021 च्या त्या दिवसानंतर तशी मागणी करायला माझी जीभ रेटणार नाही. त्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. महाड शहर पाण्यात होतं, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात वरंध घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. त्याआधी 2005 च्या जुलैत याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडीवते इथं दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली होती. शेजारच्या आंबेनळी घाटात 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, एक वाचला, बाकी सगळे मेले. सह्याद्रीचा हा उतार काळ्या कातळाच्या थरांवर बसलेल्या कुजक्या मातीचा आहे. ती माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या खडकावरून सुटते. त्यात रुंदीकरणासाठी डोंगराचा पायथा उभा कापला, तर वरच्या मातीला टेकू राहत नाही. गटार आणि मोरी तुंबली, तर रस्त्यावरून वाहून जायचं पाणी डोंगराच्याच पोटात मुरतं. पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली असत. पाऊस लागला की फावडं घेऊन मोऱ्या मोकळ्या करत फिरत. म्हाताऱ्या बायका अजून त्यांची आठवण काढतात. रुंदीकरणाच्या निविदेत मोठे आकडे असतात. मोरी साफ करणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ त्यात शोधून सापडत नाही.

तेव्हा दरडीचा धोका खरा आहे आणि काही दिवस घाट बंद ठेवावाच लागेल. आमचं म्हणणं इतकंच आहे की बंद करताना कुणाचा हिशेब केला जातो आणि कुणाचा होत नाही, ते पाहा.

रस्ता किती वापरला जातो हे ठरवायची सरकारी रीत आहे, तिला वाहतूक गणना म्हणतात. नाक्यावर माणसं बसवून येणारीजाणारी वाहनं मोजतात आणि सगळी वाहनं मोटारीच्या मापात आणतात. मोटार म्हणजे 1. मोटारसायकल म्हणजे अर्धी. ट्रक किंवा बस म्हणजे 3. त्या कोष्टकात सायकलला आकडा आहे, बैलगाडीलाही आहे. डोक्यावर भाताच्या रोपांची पाटी घेऊन दोन किलोमीटर डांबरावरून चालणाऱ्या बाईला आकडा नाही, कारण ती वाहन नाही. रस्ता रुंद करायचा की नाही, हे या बेरजेवर ठरतं. बंदीचा हुकूम बहुधा ज्या तरतुदीखाली निघतो ते मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 115, तेही वाहनांवर निर्बंध घालण्यापुरतंच बोलतं. मग 'पर्यायी मार्ग' कुणासाठी लिहिले जातात हे सांगायला नको. पुण्याहून महाडला जाणाऱ्यानं ताम्हिणीनं माणगावात उतरावं. ठीक. घाटाच्या तळच्या वाडीतल्या बाईला घाटमाथ्यावरच्या वाडीत जायचं असेल तर? घाटानं अर्धा-पाऊण तासाचा प्रवास. माणगाव, ताम्हिणी, पुणे, भोर असा फिरून गेला तर दोनशे किलोमीटरच्या वर. तेवढं भाडं एका दिवसाच्या मजुरीत बसत नाही आणि तो प्रवास एका दिवसात उरकतही नाही.

एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला गावाचा नकाशा बायकांकडून काढून घ्यायला शिकवलं होतं. जमिनीवर रांगोळी, खडे, पानं. मी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत हा प्रयोग केला. पुरुषांच्या गटानं रस्ता एका रेघेत काढला, इकडं भोर, तिकडं महाड. बायकांनी रेघ काढलीच नाही. त्यांनी जागा मांडल्या : झरा, गवताचा माळ, रेशनचं दुकान, एस.टी. थांबते ते वळण, आशाताईचं घर, नणंदेची वाडी. मग एका आजींनी खड्यांमधून बोट फिरवत म्हटलं, "आन् हितनं हितवर समदं डांबर." बांधकाम खात्याच्या नकाशात भोर आणि महाडच्या मधे काही नसतं. बायकांच्या नकाशात भोर आणि महाड कडेला होते, आणि सगळं जगणं मधल्या डांबरावर.

यातली सर्वात मोठी गोष्ट बाळंतपणाची आहे, आणि तिच्यावर मला जास्त लिहायचं आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या वाड्यांमधली बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची, सुइणीच्या हातून. त्यातली काही बिघडायची, बाया मरायच्या. ते थांबावं म्हणून 2005 पासून सरकारनं जननी सुरक्षा योजना आणली, आशा कार्यकर्त्या आल्या, 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली. बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे हे आम्हीही घरोघर जाऊन सांगितलं. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण 94 टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं. हे चांगलंच झालं, यात शंका नाही. पण त्याबरोबर दुसरंही एक घडलं. सुइणीला सांगितलं गेलं की आता हात लावायचा नाही. तिचं साहित्य गेलं, तिचं शिक्षण थांबलं, तिच्या सुनेनं ती विद्या घेतली नाही. बाळंतपणाची खोली घरातून उचलून तालुक्याच्या गावी नेली, आणि मधला सगळा भार रस्त्यावर टाकला. हा रस्ता वर्षातले चार महिने बेभरवशाचा आहे हे माहीत असताना.

आरोग्याच्या अभ्यासात तीन विलंब शिकवतात. दवाखान्यात न्यायचं ठरवायला लागणारा उशीर, तिथं पोचायला लागणारा उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. आपल्या प्रशिक्षणांत पहिल्या विलंबावर भर असतो, कारण तिथं बाईला आणि सासूला समजवायचं असतं. दुसऱ्या विलंबाबद्दल समजवायचं कुणाला? डोंगराला?

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माथ्याजवळच्या एका वाडीतली बाई, दुसरी खेप, दिवस भरलेले. रात्री कळा सुरू झाल्या. फोनला रेंज नव्हती, एक मुलगा उंचावर चढून गेला तेव्हा 108 लागला. गाडी निघाली, पण वाडीच्या खाली रस्त्यावर दरड आली होती, तिच्या पलीकडं गाडी उभी राहिली. चौघांनी चादरीची झोळी बांबूला बांधून तिला चिखलातून नेलं. बरोबर वाडीतली जुनी सुईण निघाली. ती सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखणारी. "मी हात लावणार न्हाय, नुसती बसते," असं म्हणत निघाली. दरडीच्या अलीकडंच, एका टपरीच्या पत्र्याखाली, मूल झालं. हात तिनंच लावला. आई आणि मुलगी दोघी सुखरूप राहिल्या. पुढं ज्या दवाखान्यात नेलं तिथं पहिलं वाक्य ऐकू आलं ते असं : "घरी का थांबवलंत? अक्कल नाही का?" त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. असं वाक्य एकाच ठिकाणी ऐकू येतं असं नाही. सुईण कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

आता यावर उपाय नाही असं कुणी म्हणू नये. आदिवासी भागांत 'माहेरघर' नावाची योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईनं आरोग्य केंद्राजवळच्या घरात आधीच येऊन राहायचं, सोबत एक माणूस, जेवणाची सोय. कल्पना उत्तम आहे, पण ती आदिवासी क्षेत्रापुरती आहे. हिरडस मावळातल्या डोंगराला ते लेबल नाही, दरडी मात्र तशाच आहेत. घाट बंद करण्याचा हुकूम ज्या दिवशी निघतो त्या दिवशी आशांच्या वहीत पुढच्या तीन महिन्यांत दिवस भरणाऱ्या सगळ्या बायांची नावं असतातच. हुकूम काढणाऱ्या कचेरीनं ती वही एकदा मागवावी. घाटाच्या दोन्ही तोंडांना एकेक रुग्णवाहिका चार महिने उभी ठेवावी. ज्या बाईंना खाली किंवा भोरला राहायचं त्यांची सोय करावी. यातलं काहीही अवघड नाही. ट्रकवाल्यांना पर्यायी मार्ग लिहून देता येतो, तर बाळंतिणीलाही देता यायला हवा.

घाट दोन जिल्ह्यांमध्ये विभागलेला आहे हेही इथं सांगितलं पाहिजे. वरची बाजू पुणे जिल्ह्यात, खालची रायगडमध्ये. दोन जिल्हाधिकारी, दोन आरोग्य यंत्रणा, दोन पोलीस दलं. हद्दीजवळच्या वाडीला कुठला दवाखाना जवळ पडतो आणि कुठला 'आपला' ठरतो, यात तफावत पडते. एका बाजूनं घाट बंद झाल्याचं दुसऱ्या बाजूच्या बायकांना एस.टी. न आल्यावर कळतं.

सोयरिकी मात्र जिल्ह्याची हद्द बघून होत नाहीत. घाटावरच्या मुली खाली दिलेल्या आहेत, खालच्या वर आलेल्या आहेत. त्यामुळे घाट बंद म्हणजे माहेर बंद. हे वाक्य माझं नाही, खालच्या अंगाच्या एका वाडीतल्या बाईचं आहे. "ताई, घाट मिटला की म्हायेर मिटलं. मग ह्यो म्हनंल तसं." 'ह्यो' म्हणजे नवरा. या एका वाक्यात कौटुंबिक हिंसाचाराबद्दलचा जो तपशील आहे तो मला कुठल्या अहवालात वाचायला मिळाला नाही. नवऱ्याला माहीत असतं की चार महिने ही कुठं जाणार नाही. भाऊ अचानक दारात उभा राहणार नाही. आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत जुलै-ऑगस्टची पानं दरवर्षी रिकामी राहतात. एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी त्यावर "पावसात शेतीच्या गडबडीत भांडणं होत नसतील," असा निष्कर्ष काढला. दिवाळीनंतर घाट उघडला की त्याच बाया जुन्या जखमा दाखवायला येतात, तेव्हा वैद्यकीय पुरावा उरलेला नसतो.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात एक चांगली तरतूद आहे. बाईनं जिथं तात्पुरता आसरा घेतला असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं तिला अर्ज करता येतो. म्हणजे खालच्या वाडीतली बाई वर माहेरी आली तर भोरला अर्ज करू शकते. कायदा करणाऱ्यांनी बाईला फेऱ्या पडू नयेत म्हणून हा विचार केला. त्यांनी गृहीत धरलं होतं की आसऱ्यापर्यंत ती पोचेल.

मुलींच्या शाळेचं पुष्कळदा लिहून झालं आहे, त्यामुळे थोडक्यात. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास फुकट मिळतो. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना एस.टी.त अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, आणि बायकांनी ती भरभरून वापरली आहे. बाजाराला, दवाखान्याला, नुसतं बहिणीला भेटायला. सासूची परवानगी नंतर, आधी तिकिटाचे पैसे, हा क्रम त्या सवलतीनं थोडा सैल केला. पण सवलत बसवर आहे, आणि बसच आली नाही तर ती कशावर घ्यायची? अवजड वाहनांना बंदी घातली की एस.टी. त्यातच मोजली जाते. मग जीप चालते, जी भरल्याशिवाय निघत नाही, जिथं अर्धं तिकीट नाही आणि मुलीनं मागं कुणाच्या मांडीला मांडी लावून बसायचं हे तिच्या बापाला पसंत नसतं. नववी-दहावीतली मुलगी जुलैत दहा-बारा दिवस घरी बसली की तिला भाताच्या लावणीला उतरवतात. काहींचं दप्तर मग श्रावणानंतरही खुंटीवरच राहतं.

वाघजाईजवळच्या टपऱ्यांबद्दल मला थोडं गोंधळल्यासारखं होतं, ते तसंच मांडते. तिथं कांदाभजी, चहा, मक्याची कणसं विकणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. पाऊस हाच त्यांचा हंगाम. घाट पूर्ण बंद झाला की वर्षाची कमाई गेली. बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र घाटाबरोबर बंद होत नाही. म्हणून घाट बंद झाल्याचं कळलं की या बायका चिडतात, आणि बरोबरच चिडतात. दुसरीकडं त्याच रस्त्यावरच्या वाड्यांमधल्या बायका सांगतात की शनिवार-रविवारी धबधब्यांवर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांमुळे त्यांना गवताला जाता येत नाही, झऱ्यावर धुणं नेता येत नाही. त्यांना घाट बंद झाला की हायसं वाटतं. पर्यटन आलं की गावाचा विकास होतो असं म्हणतात. या एकाच रस्त्यावर एका बाईला त्यातून मीठ-तेल मिळतं आणि दुसरीचं बाहेर पडणं थांबतं, आणि कधीकधी या दोघी जावा असतात. यावर माझ्याकडं तयार उत्तर नाही. टपरीवालीला दिवसभर जायला संडास नाही आणि ती पाणी पिणं टाळते, एवढं मात्र दोन्हीकडच्या बायकांनी एकमतानं सांगितलं. एस.टी.त वाहक म्हणून आलेल्या बायकांचीही तीच तक्रार आहे.

रस्ता रुंद होताना जमीन जाते, टपऱ्या हटतात. मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. 1992 मध्ये नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावण्यासाठी लक्ष्मीमुक्तीचा शासननिर्णय झाला, 1994 मध्ये महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं, त्याच साली वारसा कायद्यात राज्यानं दुरुस्ती करून मुलींना हक्क दिला. त्या वेळी आपल्यातल्या थोरल्या बायांनी तलाठ्यांच्या दारात किती चपला झिजवल्या ते त्याच सांगतील. तरीही या खोऱ्यात मी पाहिलेल्या उताऱ्यांवर बाईचं नाव लागलेलं दिसतं ते बहुतेक ती विधवा झाल्यावर. आणि टपरीला तर उताराच नसतो. ती 'अतिक्रमण' असते.

गंमत अशी की महाराष्ट्रातल्या रस्त्यांना बाईचे हात नवे नाहीत. 1972 च्या दुष्काळात आणि पुढं रोजगार हमीवर खडी फोडून ज्यांनी रस्ते केले त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. बाईपुरुषाला एकच दर, कामावर पाळणाघर, पिण्याचं पाणी हे त्यात आलं, आणि प्रत्यक्षात मिळवण्यासाठी पुन्हा मोर्चे काढावे लागले. या खोऱ्यातल्या काही आज्यांचे अंगठे अजून हातोडीनं वाकडे झालेले आहेत. वाडीकडं जाणारा फाटा त्यांनी केला, मुख्य रस्त्याच्या कडेला त्या खडीचे ढीग मापून देत बसल्या. त्या काळात निदान मस्टरवर त्यांचं नाव होतं. आज खडी यंत्र फोडतं, डांबर ठेकेदार टाकतो, आणि रस्त्याच्या कुठल्याच कागदावर बाई उरलेली नाही.

तेव्हा करायचं काय, यावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. निवेदन द्यायचं, जिल्हाधिकाऱ्यांना भेटायचं, हे आहेच. पण निवेदनात लिहायला आकडे लागतात, आणि आपला आकडा कुणी मोजलेला नाही. म्हणून आधी आपणच मोजायचं ठरलं. घाटाच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांत प्रत्येकी एका बाईकडं एक वही राहील. जून ते सप्टेंबर, रोज एक ओळ : आज एस.टी. आली का, कितीची आली, किती बायका रस्त्यानं पायी गेल्या आणि कशासाठी, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, गाडी कुठवर आली, कुणाचं कुठं जाणं राहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी खुणा ठरवल्या आहेत. बससाठी चौकोन, दवाखान्यासाठी फुली, माहेरासाठी दाराचं चित्र. शेवटची खूण बायकांनीच सुचवली. दुसऱ्या बाजूनं माहितीच्या अधिकारात एस.टी.च्या आगारांकडून त्याच महिन्यांतल्या रद्द फेऱ्यांची यादी मागायची आणि दोन्ही शेजारी ठेवायचं.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेतली पाहिजे असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. ती अनेकदा कागदावर होते, सह्या नंतर गोळा करतात. 1 मेच्या ग्रामसभेआधीची महिला सभा मात्र पावसाच्या तोंडावर येते, तेव्हा ती खरोखर भरवायची. तिथं ठराव करायचा की घाट बंद करण्यापूर्वी ग्रामपंचायतीला लेखी कळवावं, आशांकडची यादी पाहिल्याशिवाय हुकूम काढू नये, घाट बंद असेपर्यंत दोन्ही बाजूंनी शक्य तिथवर छोटी एस.टी. सोडावी, आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीला या वाड्यांमधल्या दोन बायकांना बोलवावं. दोन मागितल्या आहेत, कारण एकटीला तिथं बोलू देत नाहीत, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे.

ही वही वरंधपुरती राहू नये असं वाटतं. आंबेनळी, कुंभार्ली, माळशेज, आंबोली, करूळ, फोंडा या घाटांच्या पट्ट्यात ज्या संघटना काम करतात त्यांनी आपापल्या भागात ती चालवून पाहावी. तुमच्याकडच्या अडचणी वेगळ्या असतील, तर रकाने बदला. माळशेजला धबधब्यांवरच्या गर्दीचा रकाना मोठा लागेल, कुंभार्लीला कदाचित उसाच्या आणि मालाच्या ट्रकचा. वहीचा नमुना आणि खुणांचा तक्ता आम्ही छापून ठेवला आहे. गटाचा पत्ता आणि किती वाड्या आहेत ते कळवा, पोस्टानं पाठवू. वह्या मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाड्यांवर पोचायला हव्यात, कारण त्यानंतर पहिला वळीव पडला की वरच्या वाड्यांकडं जायला आम्हालाही जीपची वाट पाहत बसावं लागतं.